उजव्या हातावरचं गोंदण: सोलापूरच्या एका उमेदवाराचं प्रकरण

भरतीच्या मुलांचे फॉर्म भरून देता देता मला एक सवय लागली आहे. मुलगा समोर बसला की मार्कशीट, जातीचा दाखला, डोमिसाइल मागायच्या आधी मी त्याला दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारायला सांगतो. मग हात उलटसुलट करून दाखवायला सांगतो. काही जण लाजतात, काही जण अभिमानानं पुढे करतात. ॐ असतो, महाराजांची राजमुद्रा असते, विंचू असतो, बदामात इंग्रजी अक्षर असतं. उंची, छाती, धावणं, चष्म्याचा नंबर या सगळ्याची मुलं वर्षभर आधीपासून काळजी करतात. हातावर काय आहे आणि कोणत्या हातावर आहे, हे मात्र कोणीच विचारत नाही. ते कळतं तेव्हा मुलगा लेखी आणि मैदान दोन्ही पार करून मेडिकलच्या टेबलापुढे उघड्या अंगानं उभा असतो.

ही सवय लागली ती मुंबई उच्च न्यायालयात २०१७ मध्ये निकाल लागलेल्या एका प्रकरणामुळे. ते मी तेव्हापासून अनेकदा वाचलं, मुलांना सांगितलं, आणि जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा त्यातली एक गोष्ट मला अधिकच टोचत गेली. म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

काय घडलं

सोलापूरचा एक तरुण. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात, म्हणजे आपण सगळे ज्याला सीआयएसएफ म्हणतो त्या दलात, कॉन्स्टेबल-ड्रायव्हर पदासाठी त्यानं अर्ज केला. विमानतळावर आपल्या बॅगा तपासणारे, दिल्ली मेट्रोच्या दारात उभे असणारे, मोठमोठ्या सरकारी कारखान्यांवर पहारा देणारे जवान याच दलाचे. १९६८ च्या कायद्यानं दल स्थापन झालं आणि १९८३ च्या दुरुस्तीनं त्याला संघराज्याचं सशस्त्र दल हा दर्जा मिळाला. हा दर्जा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

तरुण बाकी सगळ्या बाबतींत पात्र होता. वैद्यकीय तपासणीत त्याला अपात्र ठरवलं गेलं. कारण एकच: उजव्या हातावर, कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागावर, गोंदण होतं. धार्मिक चिन्हाचं.

तो उच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती आर. एम. बोर्डे आणि न्यायमूर्ती आर. जी. केतकर यांच्या खंडपीठापुढे प्रकरण आलं. मधल्या काळात त्यानं गोंदण काढून घ्यायचा प्रयत्न केला होता आणि ते बरंचसं पुसलंही गेलं होतं, हेही कोर्टापुढे मांडलं गेलं. निकाल त्याच्या बाजूनं लागला. इतर सगळ्या निकषांवर उतरलेल्या उमेदवाराला एका धार्मिक चिन्हाच्या गोंदणापायी बाहेर ठेवू नये, ते गोंदण त्याच्या कामाच्या आड येणारं नाही, सैन्यात अशा चिन्हांना सवलत आहे तर या दलानंही लोकांच्या धर्मभावनेची जाण ठेवावी, अशा अर्थाचा तो निकाल होता. त्याला पात्र धरावं असं दलाला सांगण्यात आलं.

वर्तमानपत्रांत बातमी आली तेव्हा आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांनी ती कापून भिंतीला चिकटवली. आनंदाची गोष्टच होती. पण त्या बातमीतून मुलांनी काढलेला अर्थ असा होता की आता टॅटू चालतो. तसं त्या निकालात कुठेही नाही.

नियम नेमका काय सांगतो

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय तपासणीसाठी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. मे २०१५ च्या सुधारित सूचनांमध्ये गोंदणाचं कलम आहे आणि पुढच्या भरतीच्या जाहिरातींमध्येही ते जवळपास शब्दशः येत राहिलं. त्यात तीन गोष्टी बघितल्या जातात.

पहिली, गोंदणात काय आहे. देश धर्मनिरपेक्ष आहे, देशवासीयांच्या धर्मभावनांचा आदर राखायचा, म्हणून सैन्यात चालतं त्याप्रमाणे धार्मिक चिन्ह, देवादिकांची आकृती आणि नाव यांना परवानगी. दुसरी, गोंदण कुठे आहे. परंपरेनं जिथे गोंदतात अशा जागा, म्हणजे मनगट ते कोपर हा हाताचा आतला भाग, पण फक्त डावा, कारण सलामी उजव्या हातानं दिली जाते. किंवा मग पंजाची मागची बाजू. तिसरी, गोंदण केवढं आहे. शरीराच्या त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान हवं.

आता सोलापूरच्या तरुणाचा हात या कलमापुढे ठेवून बघा. आशयात तो बसत होता, चिन्ह धार्मिक होतं. अडला तो जागेवर. तेच चिन्ह, त्याच सुईनं, त्याच गोंदणाऱ्यानं डाव्या हातावर काढलं असतं तर त्याला कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

सलामीच्या हाताचं कारण मी हसण्यावारी नेत नाही. आमच्या गावात दोन माजी सैनिक आहेत. त्यांच्यासाठी उजवा हात वर जाणं म्हणजे काय असतं ते मी पाहिलेलं आहे. सैन्याच्या पद्धतीनं सलामी दिली की पंजा उघडा, तळवा समोर, आणि बाही दुमडलेली असेल तर मनगटापासून कोपरापर्यंतचा आतला भाग समोरच्याला दिसतो. तो हात कोरा असावा, त्यावर कोणाचं नाव किंवा कोणाचा देव नसावा, सलामी फक्त ध्वजाला आणि हुद्द्याला असावी, ही कल्पना मला पटते. माझी तक्रार वेगळी आहे. हे कारण नियमात चार शब्दांत आहे, पण ते उमेदवाराला सांगितलं जातं अपात्रतेच्या चिठ्ठीवर. चौदाव्या-पंधराव्या वर्षी जत्रेत हात पुढे करणाऱ्या पोराला कुठला हात सलामीचा हे कोणी सांगितलेलं नसतं. आणि मुलं उजवाच हात पुढे करतात. शुभ काम उजव्या हातानं, देवाचं काम उजव्या हातानं, हे आपणच त्यांना शिकवलेलं असतं. धार्मिक चिन्ह डाव्या हातावर काढून घेणारा मुलगा मला क्वचितच भेटला आहे.

'पारंपरिक जागा' हे शब्द वाचले की माझ्या डोळ्यांपुढे आज्जीचा हात येतो. पंजाच्या पाठीवर तुळस, मनगटाजवळ ठिपक्यांची ओळ, कपाळावर आणि हनुवटीवर हिरवा ठिपका. गोंदणारीण दारात यायची, सुपात धान्य घ्यायची आणि काजळीत बुडवलेल्या सुयांनी टोचत बसायची. पोरगी रडू नये म्हणून गाणी म्हणायची. मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं आज्जी म्हणायची. गडचिरोलीच्या माडिया, गोंड बायकांच्या किंवा मेळघाटातल्या कोरकू बायकांच्या अंगावरचं गोंदण याहून कितीतरी दाट. सैन्याच्या नियमांत अनुसूचित जमातींच्या उमेदवारांना रूढीप्रमाणे अंगावर इतरत्र असलेलं गोंदणही चालवून घेतलं जातं, ते याचसाठी. म्हणजे नियम करणाऱ्यांना गोंदण म्हणजे काय हे ठाऊक होतं. त्यांनी ते सरसकट वाईट ठरवलेलं नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूनं मान्यच करायला हवी.

पण मग 'एक चतुर्थांश' कशाच्या? इंग्रजी मजकुरात कंसात कोपर किंवा हात असे शब्द आहेत. कोपर हा सांधा, त्याचं क्षेत्रफळ कुठून कुठवर धरायचं? टेप कोणी लावतं का? मी विचारलेल्या मुलांपैकी एकाच्याही हाताला टेप लागलेली नाही. डॉक्टर बघतात आणि ठरवतात. एका केंद्रावर चाललेलं दुसऱ्या केंद्रावर अडतं, आणि मुलांमध्ये मग अमुक केंद्रावर कडक आहेत, तमुक केंद्रावर सोडतात असल्या वावड्या फिरतात. ज्या नियमावर माणसाची नोकरी अवलंबून आहे त्याचं माप असं डोळ्यांच्या अंदाजावर सोडणं बरोबर नाही.

गोंदण हा आजार कधी झाला

सगळ्यात जास्त मला खटकतं ते हे की गोंदणाचा फैसला वैद्यकीय टेबलावर होतो. वरचे तीन निकष पुन्हा वाचा. आशय, जागा, आकार. यातला एकही निकष वैद्यकीय नाही. चिन्ह देवाचं आहे की गुलाबाचं, हे ठरवायला एमबीबीएस लागत नाही.

वैद्यकीय प्रश्न खरोखर आहे, पण तो वेगळा. जत्रेत एकाच सुईनं वीस जणांना गोंदलं जातं, त्यातून कावीळ ब, कावीळ क किंवा एचआयव्ही पसरू शकतो. तो धोका रक्ताच्या तपासणीत कळतो. त्याचा डाव्या-उजव्याशी काही संबंध नाही. उजव्या हातावर गोंदून घेतलेला मुलगा ठणठणीत असू शकतो आणि डाव्या हातावर, नियमात चपखल बसणारं गोंदण असलेला मुलगा विषाणू घेऊन फिरत असू शकतो.

शिस्तीचा नियम वैद्यकीय रकान्यात टाकल्यानं दोन गोष्टी होतात. एक, घरी जाताना मुलाच्या हातात 'मेडिकली अनफिट' असा कागद पडतो. गावात तो कागद कसा वाचला जातो हे मला माहीत आहे. पोराला काहीतरी रोग आहे, अशी कुजबुज होते. लग्नाच्या बोलण्यांपर्यंत ती जाते. दुसरं, फेरतपासणीची दाद मोजक्या दिवसांत मागायची असते, आणि ती पुन्हा डॉक्टरांपुढेच. नियम या कामासाठी रास्त आहे का, या उमेदवाराला सूट देण्याजोगी आहे का, हे डॉक्टर ठरवू शकत नाहीत. त्यांच्या हातात फक्त आहे किंवा नाही एवढंच असतं. म्हणून सोलापूरच्या तरुणाला जे ऐकवायचं होतं ते ऐकणारा माणूस त्याला थेट उच्च न्यायालयातच भेटला.

आणि कोर्टात जाणारे किती? रिटसाठी, म्हणजे उच्च न्यायालयातल्या अर्जासाठी, वकील, मुंबईच्या खेपा, तारखा. ट्रॅक्टरवर रोजंदारी करून क्लासची फी भरणारा मुलगा गप्प घरी येतो.

पुसायचं म्हटलं तर

काढून टाका की, असं म्हणणारे फार भेटतात. लेझरनं गोंदण काढणं म्हणजे खोडरबर नव्हे. लेझरचा झोत त्वचेखालच्या रंगाचे कण फोडतो आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं. एका बैठकीत काम होत नाही. सहा, आठ, कधी दहा बैठका लागतात, आणि दोन बैठकांमध्ये त्वचा भरून यायला महिना-दीड महिना सोडावा लागतो. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा आणि निळा चिवट. आपल्या सावळ्या कातडीवर लेझरनं पांढरट डाग राहण्याची भीती गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असते. परीक्षेचा निकाल लागल्यापासून मेडिकलच्या तारखेपर्यंत इतका वेळ मिळतोच असं नाही.

मग मुलं दुसरे उपाय करतात. मी एका मुलाचा हात पाहिला आहे, त्यानं कोणाच्या तरी सांगण्यावरून गोंदणावर आम्ल लावलं होतं. गोंदण गेलं नाही. त्याच्या भोवतीची कातडी आक्रसली आणि तिथं चकचकीत, उंचवटा आलेला वण उठला. आता त्याला दोन गोष्टींचा खुलासा द्यावा लागतो.

या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२४ चा एक निकाल मला मोलाचा वाटतो. दिल्ली पोलिसात कॉन्स्टेबलपदासाठी निवडला गेलेला उमेदवार, उजव्या हातावरचं गोंदण त्यानं काढून घेतलेलं, तरी त्याला अपात्र ठरवलेलं. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणानं, म्हणजे केंद्राच्या नोकऱ्यांतले वाद ऐकणाऱ्या यंत्रणेनं, त्याच्या बाजूनं आदेश दिला होता, त्याविरुद्ध भरती यंत्रणा उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्तींनी कागदांबरोबर त्याचा हातही पाहिला. नुसत्या डोळ्यांना ते गोंदण जेमतेम दिसतं, अशी नोंद केली आणि आदेश कायम ठेवला. उमेदवाराला समोर उभं करून हात बघणं, एवढी साधी गोष्ट. ती भरती केंद्रावरच झाली असती तर?

धर्मानं वाचवलं, आणि ज्याच्याकडे धर्म नाही त्याचं काय

सुरुवातीला मी म्हटलं की या निकालातली एक गोष्ट मला टोचत राहते. ती ही. सोलापूरचा तरुण सुटला त्यामागे त्याचं गोंदण देवाचं होतं, हे मोठं कारण होतं. त्याचा हात त्याचा आहे, या मुद्द्यावर तो सुटला असं त्या निकालातून वाचता येत नाही.

न्यायमूर्तींना दोष देण्याचा माझा हेतू नाही. समोर आलेल्या प्रकरणाचा निकाल समोर आलेल्या मुद्द्यांवर द्यायचा असतो, आणि त्यांनी एका गरजू मुलाला न्याय दिला. कामात अडथळा येतो का, हा खरा प्रश्नही त्यांनी विचारला. पण त्याच रांगेत, त्याच्या मागे, उजव्या हातावर गुलाब किंवा सिंह गोंदलेला दुसरा तरुण उभा असता तर? त्याचं धावणं तेवढंच, गाडी चालवणं तेवढंच, सलामी तेवढीच. त्याच्या हातावरचा सिंह कोणाच्याही आड येत नाही. तरीही त्याच्यासाठी हा निकाल फारसा उपयोगी पडत नाही, आणि मूळ नियमाप्रमाणे तर तो डाव्या हातावर असता तरीही आशयातच नापास.

धर्माचा आधारही सगळीकडे सारखा टिकत नाही. याच्या वर्षभर आधी, १५ डिसेंबर २०१६ रोजी, हवाई दलातल्या एका मुस्लिम कर्मचाऱ्याचं दाढी राखण्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठानं हवाई दलाचा नियम योग्य ठरवला. एकरूपता, शिस्त आणि दलाची एकजूट हा त्यामागचा विचार होता. केस कापणं धर्मानंच निषिद्ध मानलेल्यांनाच तिथं सूट. दाढी तर दुसऱ्या दिवशी काढता येते, गोंदण काढता येत नाही, हा फरक आहेच. पण श्रद्धेला एकदा वजन द्यायचं आणि एकदा नाही, हे सामान्य माणसाला समजावून सांगणं अवघड जातं. मला तरी मुलांना ते सांगताना अडखळायला होतं.

गोंदणाबाबतही दुसऱ्या टोकाचा निकाल आहे. हवाई दलात वायुसैनिक म्हणून निवड झालेल्या एका तरुणाची नेमणूक कोपराखाली हाताच्या बाहेरच्या बाजूला गोंदण असल्यानं रद्द झाली, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं हवाई दलाचा निर्णय उचलून धरला. कुठलं गोंदण चालतं ते जाहिरातीत स्पष्ट दिलेलं होतं, त्याचं गोंदण त्यात बसत नव्हतं. बातमी आली ती सोलापूरच्या निकालानंतर काही आठवड्यांतच. भिंतीवरच्या कात्रणाशेजारी ती मी स्वतः चिकटवली. मुलं माझ्यावर नाराज झाली, पण तयारी करणाऱ्याला दोन्ही बाजू माहीत हव्यात.

२०१७ हेच ते वर्ष, ज्याच्या २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्यातल्या आपल्या स्वतंत्र निकालपत्रात न्यायमूर्ती चेलमेश्वर यांनी लिहिलं की काय खावं आणि कसे कपडे घालावेत हे सरकारनं आपल्याला सांगावं, असं कोणालाही आवडणार नाही. कपड्यांबद्दल हे खरं असेल तर कातडीबद्दल ते त्याहून खरं असलं पाहिजे.

याला उत्तर म्हणून राज्यघटनेचा अनुच्छेद ३३ पुढे केला जातो. सशस्त्र दलांच्या आणि सुव्यवस्था राखणाऱ्या दलांच्या सदस्यांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला त्यानं दिला आहे, आणि दलाचा दर्जा इथे महत्त्वाचा ठरतो. ते योग्यही आहे. बंदूक हातात असलेल्या माणसाला आपल्याइतकी मोकळीक देता येत नाही. पण अनुच्छेद दलाच्या सदस्यांबद्दल बोलतो. उमेदवार अजून दाराबाहेर आहे. आणि अधिकार संसदेला कायद्यानं वापरायचा आहे. गोंदणाचं कलम मंत्रालयाच्या सूचनांमध्ये आहे. ही माझी शंका आहे, जाणकार वकिलांनी ती तपासावी. मला एवढंच दिसतं की ज्यानं अजून शपथ घेतलेली नाही त्याला शपथ घेतलेल्याचे निर्बंध मागच्या तारखेनं लागू होतात, आणि तेही जत्रेतल्या त्या एका दुपारपासून.

नोकरीत असलेल्यांचं

भरतीच्या दारातला प्रश्न पुढे नोकरीतही शिरतो. २०२४ मध्ये भुवनेश्वरला, मुख्यमंत्र्यांचं निवासस्थान, राजभवन, विधानसभा अशा ठिकाणी पहारा देणाऱ्या ओडिशा पोलिसांच्या विशेष सुरक्षा बटालियनमध्ये आदेश निघाला: गणवेशात दिसणारी गोंदणं पंधरा दिवसांत काढून टाका. आक्षेपार्ह आणि अश्लील गोंदणांवरून तो निघाला होता, आणि अश्लील चित्र गणवेशातल्या हातावर नको हे मला मान्य आहे. पण पंधरा दिवस? लेझरच्या दोन बैठकांमध्येच महिना जातो.

याहून पुढचं टोक जपानमधल्या ओसाकाचं. २०१२ मध्ये एका बालकल्याण केंद्रातल्या कर्मचाऱ्यानं मुलांना टॅटू दाखवून धाक घातल्याचं उघड झालं आणि महापौर तोरू हाशिमोतो यांनी महापालिकेच्या सुमारे ३३,५०० कर्मचाऱ्यांना लेखी विचारलं की तुमच्या अंगावर टॅटू आहे का, कुठे आहे. शंभरावर जणांनी हो लिहिलं. सहा जणांनी उत्तरच दिलं नाही आणि त्यांना शिस्तभंगाची ताकीद मिळाली. दोघे कोर्टात गेले. खालच्या न्यायालयानं त्यांची बाजू घेतली, पण २०१५ मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि २०१६ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घातला नाही. तिथं टॅटूचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला जातो, आपल्याकडे आज्जीशी. तरी एकाच्या चुकीसाठी तेहेतीस हजारांना अंगावरचं विचारणं, हे कुठल्याही देशात मला जुलमी वाटेल.

खासगी नोकऱ्यांत तर नियम कुठे लिहिलेला आहे हेच शोधावं लागतं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखालच्या नमुना आदेशांत गैरवर्तनांची यादी होती. चोरी, दारू, हुकूम न पाळणं, सततची गैरहजेरी. गोंदण त्यात नव्हतं. हॉटेलात आणि विमान कंपन्यांत ते नेमणूकपत्रासोबतच्या पोशाख आणि नीटनेटकेपणाच्या नियमांत असतं, आणि सही करताना ते पान कोणी वाचत नाही. अनुच्छेद १४ आणि १६ सरकारी नोकरीपुरते धावून येतात. खासगी मालकानं हातावरच्या नावावरून नाकारलं तर आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदा नाही.

आमच्याकडचा एक हात

गेल्या वर्षी एक मुलगा आला. बाही वर केली तर उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर, 'आई'. चौदाव्या वर्षी जत्रेत काढलेलं. ती तेव्हा दवाखान्यात होती, नंतर गेली. लेखीला त्याचे मार्क चांगले होते. पाच किलोमीटर तो चोवीस मिनिटांच्या आत सहज धावतो.

मी त्याला सगळं सांगितलं. सलामीचा हात, आशय, जागा, एक चतुर्थांश. 'आई' हे नाव धरायचं की नुसता शब्द, हेही तपासणाऱ्याच्या मनावर असेल, हेही सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "सर, डाव्या हातावर असतं तर चाललं असतं ना?"

"चाललं असतं बाळा."

"तवा कुणी सांगितलं असतं तर डावा केला असता की."

त्याच्या आत्यानं बचत गटातून पैसे उचलले आणि तो जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचेच्या डॉक्टरांकडे जातो आहे. आतापर्यंत चार बैठका झाल्या. परवा त्यानं हात दाखवला. 'आ'चा काना जवळजवळ गेला आहे, अक्षराचं पोट फिकट राखाडी झालंय. 'ई'वरचा रफार मात्र अजून ठळक आहे; तिथं सुई खोल गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले. त्या रफारावर तो बोलता बोलता अंगठा फिरवत होता. पाचव्या बैठकीची तारीख पुढच्या महिन्यात आहे, मेडिकल त्यानंतर सहा आठवड्यांनी. फॉर्ममध्ये अंगावरच्या ओळखखुणांच्या रकान्यात काय लिहायचं, हे आम्ही अजून ठरवलेलं नाही.